न लिहिलेल्या परीक्षणाचा वाद : गेमरगेट, २०१४ (धागा)

१/
ऑक्टोबर २०१४. अमेरिकेतील युटा स्टेट युनिव्हर्सिटीला एक निनावी ईमेल आला. माध्यम-समीक्षक अनिता सार्कीशियन यांचे नियोजित व्याख्यान रद्द न केल्यास १९८९ च्या माँट्रियल हत्याकांडाची पुनरावृत्ती होईल, अशी धमकी त्यात होती. त्या हत्याकांडात १४ स्त्रियांचा बळी गेला होता.

२/
युटाच्या कायद्यानुसार परवानाधारकांना विद्यापीठात शस्त्र आणण्यास मनाई करता येत नव्हती. सार्कीशियन यांनी व्याख्यान रद्द केले. त्यांचा विषय होता व्हिडिओ गेममधील स्त्रियांचे चित्रण. एवढ्या विषयावरून जिवावर उठण्याइतके वैर कोठून आले?

३/
या वैराच्या मुळाशी एक समज होता : गेमिंग हे मुळात मुलांचे क्षेत्र, स्त्रिया मागाहून त्यात शिरल्या. इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. १९८० मध्ये रोबर्टा विल्यम्स यांनी ‘मिस्टरी हाऊस’ रचला. १९८१ चा ‘सेंटिपीड’ घडवणाऱ्यांत डोना बेली होत्या. १९८२ चा ‘रिव्हर रेड’ कॅरोल शॉ यांचा. स्त्रियांनाही आर्केडमध्ये यावेसे वाटावे, हा विचार करूनच तोरू इवातानी यांनी ‘पॅक-मॅन’ची कल्पना केली होती.

४/
मग कुंपण घातले कोणी? मोठा वाटा बाजारपेठेचा होता. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. १९८५ पासून निन्टेन्डोने आपले यंत्र तेथे खेळणे म्हणून विकायला आणले. खेळण्यांच्या दुकानांत मुलांचे आणि मुलींचे कप्पे वेगळे असत. व्हिडिओ गेम मुलांच्या कप्प्यात गेले. जाहिरातीही मुलांनाच उद्देशून होऊ लागल्या. एक पिढी त्या कप्प्यालाच निसर्गनियम मानून वाढली.

५/
२०१२ मध्ये सार्कीशियन यांनी गेममधील स्त्री-प्रतिमांवर चित्रफिती काढण्यासाठी लोकांकडे ६,००० डॉलर मागितले. जमा झाले दीड लाखाहून अधिक. त्याबरोबरच शिव्याशाप आणि धमक्याही आल्या. त्यांच्या छायाचित्रावर क्लिक करताच चेहरा सुजत जाईल, असा एक ‘खेळ’ही कोणी तयार केला. दोन वर्षांनी पेटलेल्या वणव्याची ही पहिली ठिणगी होती.

६/
ऑगस्ट २०१४. ‘डिप्रेशन क्वेस्ट’ या नैराश्यावरील शब्दप्रधान गेमच्या निर्मात्या झोई क्विन यांच्याविषयी एका पूर्वीच्या जोडीदाराने प्रदीर्घ लेख प्रसिद्ध केला. त्यावरून आरोप उठला, की एका पत्रकाराशी असलेल्या संबंधांमुळे त्यांच्या गेमला अनुकूल परीक्षण मिळाले. वास्तविक त्या पत्रकाराने या गेमचे परीक्षण कधी लिहिलेच नव्हते.

७/
२७ ऑगस्टला अभिनेता अॅडम बाल्डविन याने ‘गेमरगेट’ हा हॅशटॅग वापरला आणि तो वणव्यासारखा पसरला. घोषणा होती ‘पत्रकारितेतील नीतिमत्ता’. काहींना तो प्रश्न मनापासून पडलाही असेल. परंतु पत्रकारितेचा दोष असेल तर जाब पत्रकाराला विचारायला हवा. येथे शिव्यांचा आणि धमक्यांचा मुख्य रोख गेम घडवणाऱ्या व्यक्तीवर होता. या एका विसंगतीत चळवळीचे खरे स्वरूप उघडे पडते.

८/
पद्धत ठरून गेलेली होती. घरचा पत्ता आणि फोन क्रमांक जाहीर करायचे, खाजगी छायाचित्रे पसरवायची, बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या द्यायच्या. क्विन, सार्कीशियन आणि गेम-निर्मात्या ब्रियाना वू या तिघींनाही जिवाच्या भीतीने घर सोडावे लागले. चळवळीला नेता नव्हता, सदस्यांची यादी नव्हती. प्रत्येकाला ‘तो मी नव्हेच’ म्हणता येत होते.

९/
पुढे काय झाले? सप्टेंबर २०१५ मध्ये क्विन आणि सार्कीशियन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर ऑनलाइन छळाविषयी आपली बाजू मांडली. एफबीआयने धमक्यांचा तपास केला. त्याची कागदपत्रे २०१७ मध्ये उघड झाली, तेव्हा कळले की धमकी दिल्याची कबुली एका व्यक्तीने दिली होती. तरीही तिच्यावर खटला भरला गेला नाही.

१०/
२०१४ मध्येच अमेरिकी गेम उद्योगाच्या संघटनेने आकडा दिला होता : गेम खेळणाऱ्यांत ४८ टक्के स्त्रिया. ज्यांना ‘घुसखोर’ म्हटले गेले, त्या जवळजवळ निम्म्या होत्या आणि आरंभापासून तेथेच होत्या.

इतिहासाचे विस्मरण निरुपद्रवी वाटते. गेमरगेटने त्याची किंमत दाखवली. बेली, शॉ आणि विल्यम्स ही नावे विसरली गेली, म्हणूनच ‘हे घर आमचेच’ असे म्हणणे शक्य झाले. आणि ती किंमत तीन स्त्रियांनी स्वतःचे घर सोडून मोजली.

(समाप्त)