अंतर्नेत्रशोथ, अंतःक्षेपणोत्तर

नेत्रगोलाच्या पोकळीतील काचाभ द्रवात औषध टोचल्यानंतर सुईच्या वाटेने जंतू आत शिरून जो पूयकारक दाह उद्भवतो, त्याची ही संज्ञा होय. वार्धक्यातील पीतबिंदूचा ऱ्हास आणि मधुमेहजन्य जालपटलविकृती यांवर बिव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब इत्यादी औषधे २००५ च्या सुमारास प्रचारात आल्यापासून असे अंतःक्षेपण हा नेत्रचिकित्सेतील नित्याचा दस्तुर झाला. आणि हा विकार दोन-तीन हजार टोचण्यांमागे जेमतेम एकदा होत असला, तरी एकाच रुग्णाला महिन्या-दोन महिन्यांनी पुनःपुन्हा सुई घ्यावी लागत असल्यामुळे त्याच्या वाट्याचा धोका दर खेपेस वाढत जातो.

बहुतेक जंतू रुग्णाच्याच पापण्यांवरचे व नेत्रश्लेष्मल त्वचेवरचे असतात, आणि त्यांत त्वचेवरील पुंजगोलाणू अग्रणी होत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या शोथाशी तुलना करता मात्र येथे मुखातील मालागोलाणू बरेच अधिक आढळतात. बोलताना उडणारे लाळेचे सूक्ष्म तुषार सुईवर अथवा डोळ्यावर पडणे हे त्याचे संभाव्य कारण मानले जात असल्याने, टोचतेवेळी चिकित्सकाने, परिचारिकेने व खुद्द रुग्णानेही मौन पाळावे, ही खबरदारी साधी दिसली तरी तिच्यात हयगय होता कामा नये. पोव्हिडोन आयोडीनच्या ५ टक्के द्रावणाने नेत्रपृष्ठ धुणे हा प्रतिबंधाचा मुख्य आधार होय. दोष कधी औषधातच असतो : २०११ साली अमेरिकेतील मायामी परिसरात मोठ्या कुपीतून लहान पिचकाऱ्यांत भरलेले बिव्हॅसिझुमॅब दूषित निघून १२ रुग्णांना मालागोलाणूजन्य शोथ झाला.

लक्षणे बहुधा दोन ते पाच दिवसांत दिसतात : दृष्टी झपाट्याने मंदावते, डोळा लाल होऊन ठणकतो, आणि स्वच्छमंडलामागे तळाशी पुवाची पांढरी रेघ साचते. औषधाच्या प्रतिक्रियेने होणारा निर्जंतुक दाह बहुधा वेदनारहित असला, तरी दोहोंतील तफावत प्रारंभी नेहमीच उमगते असे नाही. म्हणून संशय येताच जंतुसंसर्ग गृहीत धरून चालावे, आणि रुग्णाने ठरलेल्या पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा.

काचाभ द्रवात रक्तवाहिन्या नसल्याने व रक्त आणि जालपटल यांमधील आवरण आडवे येत असल्याने तोंडावाटे अथवा शिरेतून दिलेली बहुतेक प्रतिजैविके तेथे पुरेशी पोहोचत नाहीत. सबब द्रवाचा नमुना तपासणीस काढून व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम व सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम थेट डोळ्यातच टोचतात, आणि प्रकोप तीव्र असल्यास दूषित द्रव शस्त्रक्रियेने काढून टाकतात. त्वचेवरील सौम्य पुंजगोलाणूंच्या संसर्गात बरीचशी दृष्टी पुष्कळदा परत मिळते. मालागोलाणूंच्या बाबतीत मात्र, उपचार वेळेवर होऊनही, ती बहुधा परत येत नाही, आणि प्रसंगी नेत्रगोलच काढावा लागतो.