शस्त्रविद्येचा सराव आणि प्रत्यक्ष प्रसंग : जपानमधील एक जुना वाद

तालमीत मिळविलेले कौशल्य प्राणसंकटाच्या वेळी कितपत उपयोगी पडते, या प्रश्नाची चर्चा जपानमध्ये दीर्घकाळ झालेली आहे. शिमाबाराचे बंड १६३८ मध्ये मोडल्यावर तोकुगावा राजवटीत जवळजवळ सव्वादोनशे वर्षे मोठे युद्ध झाले नाही. तरवार कमरेला राहिली, परंतु ती चालविण्याचे प्रसंग विरळ झाले. विद्या टिकली ती मुख्यतः ‘काता’च्या रूपाने. यात दोघांच्या हालचाली आधीच ठरलेल्या असतात. लाकडी तरवारीने मोकळेपणी लढणे म्हणजे हाडे मोडून घेणेच होय.

अठराव्या शतकाच्या आरंभी नागानुमा कुनिसातो याने बांबूची तरवार, मुखवटा व हातमोजे यांचा सराव रूढ केला. आपल्याकडील फरीगदग्याची ज्यांस ओळख आहे, त्यांस यामागील हेतू सहज कळेल. पुढे इत्तो संप्रदायातील नाकानिशी घराण्यानेही ही पद्धत स्वीकारली. जुन्या मताच्या आचार्यांचा आक्षेप असा की, बांबूने स्पर्श करणे म्हणजे कापणे नव्हे, आणि मृत्यूचे भय गेले की मनुष्य अविचाराने पुढे घुसतो. नव्या पक्षाचे उत्तर असे की, जो प्रतिस्पर्धी आपल्या इच्छेविरुद्ध वागतच नाही, त्याच्याशी केलेला अभ्यास हा पाठांतराचाच प्रकार होय. दोन्ही आक्षेप खरे होते, हीच या वादाची खरी अडचण.

१८७६ मध्ये तरवार बाळगण्यास बंदी झाली आणि लगेच १८७७ च्या सात्सुमा बंडात ताबारुझाका येथे पोलिसांच्या तरवारधारी तुकडीने नाव मिळविले. पोलीसप्रमुख कावाजी तोशियोशी याने त्यानंतर तरवारीच्या शिक्षणाचा पुरस्कार केला. परंतु हा पुरावा दिसतो तितका निर्णायक नाही. तुकडीतील लोक बहुधा जुन्या सामुराई घराण्यांतले होते. त्यांचे यश सरावाचे की निवडीचे, हे वेगळे काढता येत नाही. शिवाय त्या युद्धाचा निकाल मुख्यतः बंदुकांनी लावला.

कानो जिगोरो याने १८८२ मध्ये तोक्योतील एइशोजी मंदिरात ज्यूदोची शाळा काढली, तेव्हा त्याने या दोन पद्धतींत कामाची वाटणी केली. मर्मस्थानी आघात आणि शस्त्रधाऱ्याशी सामना हे काताकडे. फेक व पकड हे ‘रांदोरी’ या मुक्त सरावाकडे. घातक डाव वगळल्यामुळेच विद्यार्थ्यास रोज पूर्ण जोराने झुंजता येऊ लागले. कमी घातक अभ्यास अधिक खरा ठरतो, हा विरोधाभास कानोने नेमका हेरला होता. मात्र रांदोरीतही एक अलिखित करार असतो : समोरचा एकटा आहे, निःशस्त्र आहे आणि नमस्कार करून उभा राहिला आहे.

शांघायच्या नगरपालिका पोलिसांत १९०७ मध्ये दाखल झालेल्या फेअरबेर्न या इंग्रज अधिकाऱ्याने हा करारच बाजूस सारला. कोदोकानचा काळा पट्टा मिळवूनही त्याने शिपायांसाठी थोडेच डाव निवडले, आणि पिस्तुलाच्या शिक्षणात अंधाऱ्या, वेड्यावाकड्या वाटांच्या घरांतून अनपेक्षित लक्ष्ये पुढे आणली. गोळी झाडण्यापूर्वी शिकाऊ शिपायास अडथळे ओलांडीत धावावयास लावीत. दम लागलेला असताना व हात कापत असताना नेम धरणे, हाच तेथे पाठ होता.