एके-४७ बनवणारा शेतकऱ्याचा पोरगा : मिखाईल कलाश्निकोव्ह

कोल्हापूर : सिनेमा आणि बातम्यांमुळे एके-४७ हे नाव लहान पोरांनाही माहीत आहे. पण त्यातला 'के' म्हणजे एका माणसाचं आडनाव, हे फार जणांना ठाऊक नसतं. 'ए' म्हणजे 'आवतोमात', म्हणजे आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक. 'के' म्हणजे कलाश्निकोव्ह आणि ४७ म्हणजे १९४७ साल.

शेतकऱ्याच्या घरात जन्म

मिखाईल कलाश्निकोव्ह यांचा जन्म १० नोव्हेंबर १९१९ रोजी रशियातील अल्ताई भागात, कुर्या या गावी झाला. आईवडिलांना १९ मुलं झाली, त्यातली ८ जगली. १९३० मध्ये स्टॅलिनच्या सरकारने 'श्रीमंत शेतकरी' असा शिक्का मारून या कुटुंबाला गावातून उठवलं आणि सैबेरियात पाठवलं. तिथंच थोड्या दिवसांत वडील वारले.

दवाखान्यात सुचलेली बंदूक

१९३८ मध्ये मिखाईल सैन्यात गेले. रणगाड्यावर काम मिळालं. ऑक्टोबर १९४१ मध्ये ब्र्यान्स्कजवळ जर्मनांशी लढताना ते जखमी झाले. दवाखान्यात शेजारच्या खाटांवरचे जवान आपल्या बंदुकांच्या तक्रारी सांगायचे. ते ऐकून त्यांनी कागदावर बंदूक आखायला घेतली. इंजिनिअरची पदवी नव्हती. पहिली बंदूक सैन्याने नाकारली, पण त्यांनी नाद सोडला नाही. १९४७ ची बंदूक पास झाली आणि १९४९ मध्ये सैन्यात दाखल झाली. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी इझेव्हस्क शहरातल्या कारखान्यात काढलं.

एवढी का चालली?

आतले भाग मुद्दाम थोडे सैल बसवलेले आहेत. त्यामुळं चिखल, वाळू, पाणी गेलं तरी ती अडकत नाही. नदीकाठचं जुनं ऑइल इंजिन कसं काहीही झालं तरी सुरू होतं, तसंच. खोलून साफ करायलाही सोपी. जगात या जातीच्या सुमारे १० कोटी बंदुका बनल्याचा अंदाज आहे.

चुकीच्या हातात

देश वाचवायला बनवलेली ही बंदूक पुढं अतिरेक्यांच्याही हातात गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीवर कसाबच्या एके-४७ ची नळी पोलीस तुकाराम ओंबळे यांनी हातांनी घट्ट धरली. अंगावर गोळ्या झेलल्या, पण सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला. ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

कलाश्निकोव्ह यांना रशियाने मोठमोठे सन्मान दिले. बंदूक गैरहातात गेली त्याला राजकारणी जबाबदार, असं ते वर्षानुवर्षं म्हणत. पण म्हातारपणी मन खाऊ लागलं. माझ्या बंदुकीने माणसं मेली, तर दोष माझा का, असं त्यांनी रशियन चर्चच्या प्रमुखांना पत्र लिहून विचारलं. २३ डिसेंबर २०१३ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी ते वारले.

शेतकऱ्याच्या कामाचं काही, गवत कापायचं यंत्र वगैरे बनवलं असतं तर बरं झालं असतं, असंही ते एकदा बोलून गेले होते. शेतकऱ्याचा पोरगा शेवटी शेताकडंच वळला, पण तोवर बंदूक जगभर पोचली होती.