बेदरचे दोन खजिने

ठाणाकुशनूर हे गाव बिदर जिल्ह्यातले. पूर्वी ते औराद तालुक्यात होते, आता कमलनगर तालुक्यात मोडते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, तरी घराघरांतील मराठी आणि पंढरीचे नाते ह्या बाजूस टिकून राहिले. येथील मराठी माणसाच्या मनात बिदर, म्हणजे जुन्या बखरी-कथांतले बेदर, दोन रूपांनी वसते. एक रूप बहामनी वैभवाचे; दुसरे दामाजीपंतांच्या कथेतले. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी धान्यकोठारे उपाशी लोकांस खुली करणारा अंमलदार, आणि त्या धान्याचे मोल बेदरच्या दरबारात भरण्यासाठी काठी-घोंगडी घेऊन उभा राहिलेला विठू महार, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. तिला ऐतिहासिक पुराव्याचा मान देता येणार नाही. परंतु खरा धनवंत कोणता, जरतारी पोशाखातला की घोंगडीतला, हा जो प्रश्न ती उभा करते, त्याचे उत्तर त्याच नगरीच्या पंधराव्या शतकातील इतिहासात मिळते, असे आम्हांस वाटते.

इराणातील गीलान प्रांताचा महमूद गवान हा १४५३ च्या सुमारास व्यापारासाठी बेदरास आला. वय चाळिशीच्या पुढे. पुढे तो राजसेवेत शिरला, ‘मलिक-उत्-तुज्जार’ म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख हा किताब त्यास मिळाला, आणि तिसऱ्या मुहम्मदशहाच्या काळात राज्याचा सर्व कारभार त्याच्या हाती आला. कोकणातील मोहीम व १४७२ मधील गोव्याचा विजय ही त्याचीच कामगिरी.

ह्याच सुमारास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरून जुन्नरमार्गे बेदरास पोहोचला. त्याने जे पाहिले ते लिहून ठेवले आहे. सरदार रुप्याच्या पालख्यांतून मिरवतात, पुढे सोन्याच्या साजाचे घोडे चालतात. खेड्यांतील प्रजा मात्र अत्यंत दीन आहे, असा त्याच्या टिपणांचा आशय आहे. खुद्द गवानाच्या पंक्तीस रोज पाचशे माणसे जेवत व त्याच्या पागेत दोन हजार घोडी होती, असेही तो सांगतो. म्हणजे परक्याच्या डोळ्यांस गवान हाही इतर श्रीमंतांसारखाच एक, किंबहुना सर्वांत मोठा श्रीमंत दिसला.

फिरिश्ता ह्या इतिहासकाराने दिलेले चित्र अगदी निराळे आहे. गोव्याच्या विजयानंतर सुलतान स्वतः गवानाच्या घरी पाहुणा म्हणून राहिला. राजमातेने त्यास बंधू म्हटले. हा सत्कार आटोपताच गवानाने दार लावून घेतले, मानाची वस्त्रे उतरवली, फकिराचा वेष केला आणि जवळचे धन वाटून टाकले. ग्रंथ, हत्ती आणि घोडे मात्र ठेवले. कारण विचारता त्याने सांगितले की, मानामुळे मन उन्मत्त होऊ पाहत होते, म्हणून हा उपाय. ग्रंथ हे विद्यार्थ्यांचे आहेत आणि हत्तीघोडे राजाचे, ते आपल्याकडे केवळ सांभाळण्यास दिलेले आहेत.

निकितिनाने पाहिलेली पागा आणि फिरिश्त्याने वर्णिलेला फकिराचा वेष ह्यांत विरोध आहे काय? आमच्या मते नाही. पागा व पंक्ती हे अधिकारपदाचे वैभव होते. जे पदाचे आहे ते आपले नव्हे, एवढे गवान विसरला नाही. साधेपणा हाही एक देखावा होऊ शकतो. तेव्हा भपका नाही म्हणून एखाद्यास थोर मानणे हे भपका आहे म्हणून श्रीमंत मानण्याइतकेच उथळ होय. आपले किती आणि आपल्या हवाली केलेले किती, हा हिशोब मनाशी चोख असणे हीच खरी कसोटी.

त्या हिशोबाची तपासणी लवकरच झाली, पण भलत्या मार्गाने. गवानाने राज्याच्या चार तरफांच्या आठ तरफा केल्या, सुभेदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाकडे घेतले, जमिनीची मोजणी सुरू केली. सरदारांची सत्ता व मिळकत ह्यांना त्यामुळे आळा बसला. दक्षिणी व परदेशी ह्या दरबारी तटांचे वैर तर होतेच. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचा एक कोरा कागद मिळवून त्यावर ओरिसाच्या राजास लिहिलेले फितुरीचे पत्र रचले. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडपल्लीच्या छावणीत सुलतानाने त्याचा वध करविला.

मग त्याच्या अपार धनाचा शोध सुरू झाला. फिरिश्ता लिहितो की, खजिनदाराने दोन खजिने सांगितले. एक राजाचा, फौज व पागा ह्यांच्या खर्चाचा, दुसरा गरिबांचा. त्या दुसऱ्यात निघाल्या अवघ्या तीनशे लाऱ्या. देशाहून आणलेल्या चाळीस हजार लाऱ्यांच्या भांडवलावर गवान व्यापार करी. स्वतःचा साधा खर्च त्याच्याच नफ्यातून भागवी आणि उरलेला नफा माता, आप्त व गरजू ह्यांच्याकडे जाई. जहागिरीचे उत्पन्नही फौजेचा खर्च भागल्यावर सुलतानाच्या नावाने दानधर्मात जाई.

फिरिश्त्याने हे शतकाहून अधिक काळाने लिहिले, म्हणून त्यात गौरवाचा रंग मिसळला असणे शक्य आहे. शिवाय जहागिरीचे उत्पन्न शेवटी निकितिनाने पाहिलेल्या त्या दीन रयतेकडूनच येत होते, हेही नाकारता येत नाही. दानाने तो प्रश्न सुटला नाही. तथापि एक साक्ष कागदाची नसून दगडाची आहे. १४७२ मध्ये पूर्ण झालेला गवानाचा मदरसा, सुमारे २०५ फूट लांब व १८० फूट रुंद, आजही बिदरात उभा आहे. तेथे तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने त्याचा मोठा भाग ढासळला. एक मिनार आणि काही रंगीत फरशा उरल्या.

गवानानंतर वर्षभरातच सुलतान वारला आणि राज्य फुटत गेले. बेदरात उरलेल्या लहानशा बरीदशाहीत अली बरीदाने (१५४२–१५८०) रंगीन महाल शिंपल्यांच्या नक्षीने सजविला. ती कारागिरी अप्रतिम आहे. पण राज्य आकसले असता भिंती अधिक झळकू लागल्या, ह्याचा अर्थ इतिहासाच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांस समजावून सांगावयास हवा.

बेदरच्या दरबाराने गवानाच्या घरात सोने शोधले. ते मिळाले नाही. आणि जे राज्याचे खरे धन होते, ते आपण नुकतेच आपल्या हातांनी मारले आहे, हे त्यास उमगले तेव्हा उशीर झाला होता.