परतीची वाट आणि घरची भाकरी

इतिहासात प्रस्थानाला जेवढी पाने मिळाली तेवढी परतीला मिळाली नाहीत. कोण कोणत्या साली जहाजावर चढला, कोणत्या देशी गेला, तेथे काय मिळवले, याची नोंद होते. तो घरी परतल्यावर पहिल्या दिवशी काय जेवला आणि कोणाशी काय बोलला, हे सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. तरीही परदेशाहून परतलेल्या कोणालाही विचारा. तो माठातल्या पाण्याविषयी, तव्यावरून ताटात आलेल्या भाकरीविषयी, आपले नाव अचूक उच्चारणाऱ्या हाकेविषयी बोलू लागेल. या आनंदांना आपण छोटे म्हणतो. ते खरोखरच छोटे आहेत काय?

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात मोडनिंब हे गाव आहे. परदेशाहून अशा गावी परतण्याची जुनी वाट कशी होती, ते पाहण्यासारखे आहे. आगबोटीतून मुंबईच्या बंदरात उतरावे. तेथून ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची आगगाडी धरावी. ही गाडी १८६० साली सोलापूरपर्यंत पोहोचली होती. वाटेत बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथे उतरावे. तेथून १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या योजनेतून बार्शी लाइट रेल्वे ही अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांची गाडी निघाली. १९०६ साली तिचा फाटा पंढरपूरपर्यंत गेला आणि वारकऱ्यांची गर्दी वाहणारी ती चिमुकली गाडी मोडनिंबला थांबू लागली. पुढे वाडीवस्तीपर्यंत बैलगाडी किंवा पायवाट. घर जसजसे जवळ येई तसतशी वाट अशी अरुंद होत जाई, आणि माणसाच्या अपेक्षाही तशाच लहान होत जात असाव्यात. समुद्रापलीकडे ज्याला कीर्ती किंवा द्रव्य हवे होते, त्याला येथे तांब्याभर पाणी पुरे होई. ती अरुंद वाट आता इतिहासजमा झाली आहे; या शतकाच्या आरंभी तेथे रुंद रूळ आले.

परंतु तो तांब्या हाती देणार कोण? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न साधा नव्हता. समुद्र ओलांडणे हेच अनेकांच्या लेखी पातक होते आणि परतलेल्याच्या पंक्तीला बसावे की नाही, यावर घरोघर वाद होत. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या. तेथील थंडीतही त्यांनी आपले लुगडे आणि शाकाहार सोडला नाही. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे त्या डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात क्षयाने खंगलेल्या शरीराने मायदेशी परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. घरच्या माणसांत आणि आपल्या भाषेत त्यांना जेमतेम तीन महिने मिळाले. त्यांची रक्षा अमेरिकेतील त्यांच्या मानलेल्या मावशीकडे पाठवण्यात आली आणि पोकीप्सी येथील दफनभूमीत विसावली.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला होता. तेथील मठभगिनींबरोबर राहतानाही त्या मांस व अंडी खात नसत. भगिनींपैकी काहींना यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसे. रमाबाईंची भूमिका निराळी होती. ख्रिस्ताचा स्वीकार केला म्हणून आपले अन्न, वस्त्र आणि रीत टाकून देण्याचे कारण नाही, असे त्या मानीत. ताटातल्या पदार्थावरून चाललेला तो वाद खरे पाहता सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा होता. १८८९ च्या आरंभी त्या मुंबईस परतल्या आणि ११ मार्च रोजी त्यांनी शारदा सदन उघडले. इंग्लंडात त्यांचे अन्न फार हिंदू ठरले होते. मायदेशी त्यांचा धर्म परका ठरला. पुढल्याच वर्षी, १८९० साली, पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध होताच प्रायश्चित्ताचे मोठे प्रकरण उभे राहिले. ती नावे प्रसिद्ध करणारे गोपाळराव जोशी हे आनंदीबाईंचे यजमान होते. एक पेला चहा सारे शहर हलवू शकतो, तर घरी परतलेल्यापुढे कोणी निर्मळ मनाने ठेवलेला पेला छोटा कसा म्हणावा?

सामान्य शिपायांची कथा अधिक मुकी आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूत येथे वेढल्या गेलेल्या फौजेत मराठ्यांच्या पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात शिधा आटत गेला आणि घोड्याचे मांस खाण्याची वेळ आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते दीर्घकाळ नाकारले. उपाशी पोटी त्यांनी जे जपले ते घरच्या ताटाशी असलेले नाते होते. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली आणि कैदेत अनेकांचा अंत झाला. जे परतले त्यांनी आठवणींची पुस्तके लिहिली नाहीत. पण दख्खनच्या ज्या घरांत ते परतले, तेथे त्या संध्याकाळी चुलीवर टाकलेली भाकरी कोणत्याही पदकाहून मोठी होती, असे आम्हांस वाटते.

जन्मभूमी नसलेल्या भूमीलाही माणूस घर म्हणू शकतो. याचे उदाहरण आमच्याच ख्रिस्तसभेत आहे. सोलापूर ज्या पुणे धर्मप्रांतात येते, त्याचे महागुरू हेन्री डोरिंग हे जर्मनीतील बोखोल्टचे येशूसंघीय. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात काम करताना त्यांनी १९०३ साली 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. १९०७ साली ते महागुरू झाले. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा ते युरोपात होते आणि जर्मन म्हणून त्यांना परतीची वाट बंद झाली. येथे असलेल्या त्यांच्या अनेक बांधवांनाही स्थानबद्ध करून पुढे मायदेशी धाडण्यात आले. १९२१ साली डोरिंग यांची नेमणूक जपानमधील हिरोशिमा येथे झाली. अखेर १९२७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ते पुन्हा पुण्यास आले. १९४८ पर्यंत त्यांनी धर्मप्रांताची धुरा वाहिली आणि १९५१ साली येथेच देह ठेवला. ज्या भाषेत त्यांनी मासिक काढले, ती भाषा तेरा वर्षांनी पुन्हा चोहोंकडून कानी पडणे, हेच त्यांचे स्वगृही परतणे होते.

सर्वांच्याच वाट्याला हे सुख आले नाही. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले. पथकातील इतर चौघे परत आले. कोटणीस मात्र ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच कामी आले. सोलापूरने त्यांचे स्मारक उभारले. स्मारकाला फुले वाहता येतात, ताट वाढता येत नाही.

पवित्र शास्त्राला परतीचे हे मर्म ठाऊक आहे. मवाबात पती व पुत्र गमावलेली नामी परत निघते, ती प्रभूने आपल्या लोकांना अन्न दिले हे ऐकून. ज्या गावी ती परतते त्या बेथलेहेमचा अर्थच भाकरीचे घर असा आहे. उधळ्या पुत्रालाही दूरदेशी प्रथम आठवते ती बापाच्या घरची भाकरी. पण त्या दृष्टान्तात दाराशी दोघे आहेत. बाप धावत सामोरा जातो. थोरला भाऊ आत येण्यास नाकारतो. परतणारा तोच असतो. घर मिळते की नाही, हे दाराशी उभा असलेला ठरवतो.

आज मोडनिंबसारख्या गावी आखाती देशांतून वा युरोपातून परतणाऱ्यास सागरी प्रवास नाही आणि प्रायश्चित्तही नाही. पुणे-सोलापूर महामार्ग त्याला काही तासांत आणून सोडतो. थंडीत, नाताळाच्या आगेमागे, शेतात हुरडा भाजला जातो. शेजारच्या मोहोळच्या केंद्राने निवडलेल्या मालदांडी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ताटात येते. 'कवा आलास?' असे कोणीतरी बांधावरून विचारते. धर्मग्रामात मराठी मिस्सा कानी पडते. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना उपासनेत स्थान दिले, त्याचे ते फळ.

हे सारे आनंद परतणारा आपल्या पेटीत घेऊन येत नाही. पेटीत वस्तू असतात, आनंद घरी राहिलेल्यांच्या हाती असतो. म्हणून आपल्या धर्मग्रामात कोणी परतले, मग ते यश घेऊन येवो वा नोकरी गमावून, तर किती आणले, हे विचारण्याआधी पाणी पुढे करावे. आनंदीबाईंना आणि रमाबाईंना मायभूमीने जे हातचे राखून दिले, ते आपण मोकळ्या हाताने देऊ शकतो.