'युकिमुरा' नावाचा सामुराय खरोखर होता का? एका गेममालिकेच्या निमित्ताने

२००४ च्या फेब्रुवारीत जपानच्या कोएई कंपनीने प्लेस्टेशन २ साठी एक गेम बाजारात आणला. जपानी नाव 'सेंगोकू मुसो'. आपण त्याला 'सामुराय वॉरियर्स' म्हणून ओळखतो. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील जपानी यादवीचा, म्हणजेच सेंगोकू काळाचा पट आणि त्यावर एकटा वीर शेकडो सैनिकांना लोळवतो आहे, असा हा प्रकार. त्यातला जो वीर पुढे या मालिकेचा चेहराच होऊन बसला, तो सानादा युकिमुरा. लाल चिलखत, आडवी पाती फुटलेला लांब भाला, विशीतला देखणा तरुण.

आजचा थ्रेड त्याच्यावर. मित्रहो, थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

पहिलीच गोष्ट सांगून टाकते. या माणसाच्या हयातीतील एकाही विश्वसनीय कागदावर 'युकिमुरा' हे नाव सापडत नाही. त्याची स्वतःची पत्रे आजही उपलब्ध आहेत आणि त्यांवर सही आहे ती 'नोबुशिगे' अशी. शाळेत असताना मावसभावाच्या घरी हा गेम खेळून वाढलेल्या मला हे ठाऊक नव्हते. एम. ए.च्या पहिल्या वर्षी एका चर्चासत्रात मी मोठ्या आत्मविश्वासाने 'युकिमुरा' म्हणाले. सरांनी एकच प्रश्न विचारला, "हे नाव कोणत्या कागदात आहे?" उत्तर देता आले नाही. हा थ्रेड म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजा.

आधी खरा माणूस पाहू. सानादा नोबुशिगेचा जन्म १५६७ चा. काही अभ्यासक १५७० मानतात. सानादा हे शिनानो प्रांतातील डोंगराळ मुलखातले छोटे घराणे. पूर्वी ते ताकेदा शिंगेन या बलाढ्य सरदाराच्या पदरी होते. गेममध्ये तरणाबांड युकिमुरा शिंगेनच्या शेजारी उभा राहून लढतो. प्रत्यक्षात शिंगेन १५७३ मध्ये वारला, तेव्हा आपला नायक फार तर पाच-सहा वर्षांचा होता. ही पहिली ओढाताण लक्षात ठेवा, कारण वयाचा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

१६०० साली सेकिगाहाराची निर्णायक लढाई झाली. सानादा घर तेव्हा दुभंगले. वडील मासायुकी आणि नोबुशिगे तोकुगावा इयेयासूच्या विरोधकांकडे गेले. थोरला भाऊ नोबुयुकी इयेयासूकडे राहिला. बापलेकांनी उएदाच्या किल्ल्यावर इयेयासूचा मुलगा हिदेतादा याच्या मोठ्या फौजेला असे अडकवून ठेवले की ती मुख्य लढाईला वेळेवर पोहोचलीच नाही. पण लढाई तोकुगावांनीच जिंकली. नोबुयुकीने रदबदली केली म्हणून बापलेकांचे प्राण वाचले आणि शिक्षा हद्दपारीवर भागली. कोया पर्वताच्या पायथ्याशी कुदोयामा नावाचे गाव आहे. तिथे नोबुशिगेने आयुष्याची १४ वर्षे काढली. १६११ मध्ये वडील तिथेच वारले.

या १४ वर्षांतील पत्रे वाचावीत. एका पत्रात तो शोचू, म्हणजे तिथली कडक दारू, पाठवण्याची विनंती करतो. वर सूचना अशी की भांड्याचे तोंड नीट बंद करून त्यावर कागद चिकटवा, म्हणजे वाटेत सांडणार नाही. थोरल्या बहिणीच्या यजमानांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो स्वतःच्या म्हातारपणाची तक्रार करतो: दात पडले आहेत आणि दाढीत काळा केस फारसा उरलेला नाही. पराभूत सरदाराचा धाकटा मुलगा, भावाकडून येणाऱ्या मदतीवर जगणारा आणि वय निघून गेलेला, असा हा माणूस आहे.

१६१४ मध्ये तोयोतोमी घराण्याचा वारस हिदेयोरी याने ओसाकाच्या किल्ल्यात तोकुगावांविरुद्ध अखेरची जमवाजमव सुरू केली आणि नोबुशिगेला बोलावणे धाडले. तो निघाला. किल्ल्याच्या दक्षिणेला त्याने 'सानादामारू' ही बाहेरची गढी उभारली आणि त्या हिवाळ्यात चाल करून आलेल्या फौजांची तिच्यासमोर कत्तल झाली. मग तह झाला, गढी पाडली गेली, खंदक बुजवले गेले. पुढच्या उन्हाळ्यात, ३ जून १६१५ रोजी, लाल चिलखतांतील आपली तुकडी घेऊन तो थेट इयेयासूच्या छावणीवर धावून गेला. अंगरक्षकांची फळी विस्कटली, इयेयासू मात्र वाचला. दमलेला नोबुशिगे जवळच्या यासुई देवळापाशी मारला गेला. वय ४५ ते ४८ च्या दरम्यान.

सात्सुमाच्या शिमाझू घराण्याच्या कागदांत सानादा हा जपानमधला पहिल्या क्रमांकाचा योद्धा, अशा अर्थाचा गौरव आहे. तो सर्वत्र उद्धृत होतो. पण शिमाझूंची फौज त्या लढाईत नव्हती. ती उशिरा पोहोचली. म्हणजे हा गौरव ऐकीव माहितीवरचा. दंतकथेची पहिली आवृत्ती नायकाच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच तयार झाली, असे म्हणायला हरकत नाही.

मग नाव कुठून आले? सर्वसाधारणपणे बोट दाखवले जाते ते 'नानबा सेंकी' या ओसाकाच्या युद्धकथेकडे. काळ १६७२ च्या सुमाराचा, म्हणजे मृत्यूनंतर अर्धशतक उलटून गेल्यावर. जपानीत या प्रकाराला 'गुन्की' म्हणतात. आपल्या बखरीचा लांबचा भाऊ. बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक राजवाड्यांमुळे आपल्या अंगवळणी पडला आहे, तेव्हा जास्त सांगायला नको. ज्याने हे नाव जुळवले त्याला घराण्याची चांगली ओळख असावी. सानादांच्या नावांत 'युकि' हे अक्षर चालत आलेले: आजोबा युकिताका, वडील मासायुकी, भाऊ नोबुयुकी. त्या मालिकेत 'युकिमुरा' इतके चपखल बसते की 'नोबुशिगे'च परका वाटावा.

इथे एक गंमत. थोरल्या नोबुयुकीने सेकिगाहारानंतर आपल्या नावातले 'युकि' हे अक्षर बदलले. उच्चार तोच ठेवला, चिन्ह वेगळे घेतले. वडिलांशी असलेला संबंध तोडल्याची ती जाहीर खूण मानली जाते. म्हणजे ज्याच्याकडे ते अक्षर होते त्याने राजकारणासाठी सोडले आणि ज्याच्याकडे नव्हते त्याला ते मेल्यावर लोकांनी बहाल केले.

तोकुगावांच्या राज्यात तोकुगावांशी लढलेल्याची कथा सांगणे सोपे नव्हते. १७२२ च्या फर्मानाने इयेयासू आणि तोकुगावा घराण्याविषयी छापण्यास मनाई झाली. १८०४ मध्ये हिदेयोशीचे चित्र काढल्याबद्दल उतामारोसारख्या विख्यात चित्रकाराला ५० दिवस हातांत बेड्या घालून ठेवण्यात आले. तेव्हा नाटककारांनी पळवाट काढली: काळ बदलायचा, नावे बदलायची. १७६९ मध्ये ओसाकातच 'ओमी गेंजी सेंजिन याकाता' हे बाहुल्यांचे नाटक रंगभूमीवर आले. वरवर पाहता ते कित्येक शतके आधीच्या कामाकुरा काळाचे. पण प्रेक्षकांना कळत होते की रंगमंचावरचा ताकात्सुना म्हणजे आपला सानादा, मोरित्सुना म्हणजे त्याचा भाऊ आणि होजो तोकिमासा म्हणजे इयेयासू.

आता हे डोक्यात ठेवून २००५ मध्ये या. कॅपकॉम कंपनीने 'सेंगोकू बसारा' हा प्रतिस्पर्धी गेम काढला. जपानी आवृत्तीत सगळी नावे खरी. त्याच वर्षी तोच गेम अमेरिकेत गेला तो 'डेव्हिल किंग्ज' या नावाने, आणि परदेशी खेळाडूला जपानी नावे जड जातील या समजुतीने पात्रांची नावे पुसली गेली. ओदा नोबुनागा झाला 'डेव्हिल किंग', दाते मासामुने झाला 'अझ्युअर ड्रॅगन', आणि सानादा युकिमुरा? 'स्कॉर्पिओ'! १७६९ चे नामांतर राजाच्या भीतीने झाले, २००५ चे गिऱ्हाइकाच्या भीतीने. फरक एवढाच की १७६९ च्या प्रेक्षकाला मुखवट्यामागचा चेहरा माहीत होता. 'स्कॉर्पिओ' खेळणाऱ्या अमेरिकन मुलाला मुखवटा आहे हेच कळायला मार्ग नव्हता. हा प्रयोग फसला आणि २०१० मध्ये मालिकेचा तिसरा गेम तिकडे गेला तेव्हा मूळ नावे परत आली.

'सामुराय वॉरियर्स'च्या आवृत्त्यांकडे वळू. कोएईची पद्धत अशी: आधी मुख्य गेम, मग 'एक्स्ट्रीम लेजंड्स' ही पुरवणी, काही वेळा 'एम्पायर्स' ही राज्यविस्ताराची निराळी आवृत्ती. खेळाडूंची कुरकुर असते की एकच माल तीनदा विकला जातो. कुरकुर रास्त आहे. पण कोणत्या आवृत्तीत कोण आहे आणि कोण नाही, हे पाहण्यासारखे असते. २००४ च्या पुरवणीत चार नवे वीर खेळायला मिळाले. त्यांत होती धनुर्धारी इनाहिमे, होंडा तादाकात्सूची कन्या. ऐतिहासिकदृष्ट्या ही नोबुयुकीची बायको, म्हणजे आपल्या नायकाची वहिनी. पण खुद्द नोबुयुकी खेळता येण्याजोगे पात्र म्हणून आला तो थेट चौथ्या गेममध्ये, २०१४ साली. वहिनीनंतर दहा वर्षांनी भाऊ!

ही चूक म्हणता येणार नाही. ती निवड आहे. नोबुयुकी जिंकणाऱ्या बाजूला गेला, वयाच्या नव्वदीपलीकडे जगून १६५८ मध्ये वारला, आणि त्याच्या वंशजांनी मात्सुशिरोचे संस्थान तोकुगावा राजवटीच्या शेवटापर्यंत राखले. घर त्याच्यामुळे टिकले. पण तह करून टिकलेल्या माणसाला भाला घेऊन उडी मारायला लावणे अवघड. २०१६ च्या 'सानादा मारू' या गेममध्ये (इंग्रजी नाव 'स्पिरिट ऑफ सानादा') प्रथमच वडील, थोरला आणि धाकटा अशी सगळ्या घराची कथा सलग सांगितली गेली. माझ्या मते मालिकेतला हा सर्वांत प्रामाणिक गेम. त्याच वर्षी एनएचके वाहिनीची 'सानादामारू' ही मालिका गाजली. तिने नायकाला 'नोबुशिगे'च ठेवले आणि 'युकिमुरा' हे नाव ओसाकाला जाण्याच्या टप्प्यावर त्याला घ्यायला लावले. कागद आणि कथा यांच्यात केलेला हा तह मला आवडला.

बाकीच्या गोष्टी भराभर. गेममध्ये त्याच्या सेवेत दिसणारी स्त्री-निंजा आणि 'बसारा'मधला सारुतोबी सासुके यांचे मूळ नोबुशिगेच्या पत्रांत नाही. १९११ पासून ओसाकात निघालेल्या 'ताचिकावा बुंको' या स्वस्त खिशातल्या पुस्तकांनी सासुके आणि 'सानादाचे दहा वीर' घरोघरी पोहोचवले. आणि वेगवेगळे शेवट? इयेयासूला गाठून हरवण्याची जी सोय गेम देतो, तिचे पूर्वजही जुनेच. ओसाका पडल्यानंतर अफवा उठली होती की सानादा मेलाच नाही, हिदेयोरीला घेऊन सात्सुमाकडे निसटला. हरलेल्यांनी तयार केलेला पर्यायी शेवट तो हाच.

तेव्हा 'गेमने इतिहास बिघडवला' असे मी म्हणणार नाही. गेमच्या वेष्टनावर निदान 'ही अमुक आवृत्ती' असे छापलेले तरी असते. 'नानबा सेंकी'वर तसे काही नव्हते. नाव बदलले याचेही मला फार वाईट वाटत नाही. खटकते ते वय. विशीतला तरुण शत्रूच्या छावणीवर धावून जातो तेव्हा ते शौर्य असते, पण त्याच्याकडे गमावण्याजोगे काय आहे हे त्याला अजून कळलेले नसते. दात पडलेला, १४ वर्षे एका खेड्यात कुजलेला, बायकोमुलांचा धनी असलेला माणूस उठून ओसाकाला जातो तेव्हा त्याने सगळा हिशेब केलेला असतो. त्या जून महिन्यातील चढाई या दुसऱ्या माणसाने केली. २००४ पासून त्या रणात खेळाडू उतरवतात तो मात्र पहिला.

२०२१ चा पाचवा गेम नोबुनागाच्या काळापुरता आहे. तो १५८२ च्या होन्नोजीच्या घातापाशी थांबतो. त्यात युकिमुराला जागाच उरली नाही. नोबुशिगे तेव्हा पंधराएक वर्षांचा होता.

ओसाकातील तेन्नोजी भागात यासुई देऊळ आजही आहे. तिथे त्याचा पुतळा आहे, आणि तो घोड्यावरचा नाही: बसलेला, थकलेला, चिलखतातला माणूस. शेजारच्या दगडावर तो इथे पडल्याची नोंद कोरलेली आहे. नाव अर्थातच सानादा युकिमुरा.