रुमाल आणि फ्लॉपी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीतला एक लांबलचक शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये तो कोरवून घेतला. त्यात भोसले घराण्याचा इतिहास आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मजकुरापेक्षा लिपीनेच मला थांबवलं. लेख बाळबोधीत आहे, म्हणजे आपल्या देवनागरीत. त्याच दरबाराचा रोजचा मराठी कारभार मात्र मोडीत चालत असे. मोडी ही घाईची लिपी. हात कमी उचलायचा, ओळ झपझप पुढे न्यायची. कारकुनाचं लिहिणं कारकुनानेच वाचायचं असल्यामुळे ते तसं चालतही असे. दगडापुढे उभा राहणारा माणूस कोण असेल हे कोणालाच ठाऊक नसतं, तेव्हा तिथे सावकाश, सुटी अक्षरं.

दोनशे वर्षांनी झालं असं की भिंतीवरचं मी कोणालाही न विचारता वाचू लागले. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे रुमाल आहेत, तेराशेच्या वर. त्यांतला कागद समोर आला की मी निरक्षर. कागद फाटलेला नाही, शाई उडालेली नाही, भाषा माझीच आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांची तमिळ भाषांतरं छापली आहेत. त्यामुळे तमिळ येणाऱ्या पण मोडी न येणाऱ्या मराठी माणसाला तंजावरची मराठी तमिळमधून गाठावी लागते. भाषांतराचा धंदा करणारीला याची गंमत वाटते आणि थोडी लाजही.

नवं साधन जुन्यापेक्षा चांगलं का, हा प्रश्न मला या रुमालांपाशी पडला. त्याआधी तो माझ्या कपाटात पडून होता. एम.ए.च्या काळातला भाषांतराचा एक खर्डा साडेतीन इंची फ्लॉपीवर आहे. तिची क्षमता १.४४ एमबी, तेव्हा ती भरपूर वाटायची. फ्लॉपी दिसायला ठणठणीत आहे, पण आता घरातल्या एकाही यंत्राला तिच्यासाठी खाच नाही. सोनीनेही २०११ मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं. त्या खर्ड्यातली वाचता येतील अशी सतरा पानं उरली, कारण तेवढीच मी छापून घेतली होती.

म्हणून जुनंच बरं, असं मात्र मी म्हणणार नाही. ताडपत्राचंच पाहा. लोखंडी लेखणीने पानावर ओरखडे काढायचे, त्यांत काजळी चोळायची, मग अक्षर दिसतं. दक्षिणेच्या दमट हवेत आणि वाळवीत असं पान दोनतीनशे वर्षं निघालं तर नशीब. जुनी तमिळ काव्यं आपल्यापर्यंत आली ती पानं चिवट होती म्हणून नव्हे, तर दर काही पिढ्यांनी कोणीतरी बसून नक्कल केली म्हणून. नक्कल थांबली की ग्रंथ गेला. उ. वे. स्वामिनाथ अय्यर कुंभकोणमला शिकवत असताना गावोगाव पोथ्या शोधत हिंडले. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी जुनी ताडपत्रं नदीत सोडायची रीत होती, ती त्यांना ठिकठिकाणी आडवी आली. ‘जीवक चिंतामणी’ त्यांनी १८८७ मध्ये छापून काढलं, तेव्हा कुठे ते पानांच्या तावडीतून सुटलं.

नक्कल करण्यात नवं साधन नि:संशय सरस आहे. लेखनिक ओळ गाळतो, अक्षर चुकवतो. फाइलची प्रत हुबेहूब उतरते आणि क्षणात उतरते. अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हवर कितीतरी रुमालांचे फोटो मावतील. पण ताडपत्र शंभर वर्षं माळ्यावर विसरलं तरी वाचायची आशा असते. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना पडली तर तिच्यातला विद्युतभार झिरपून जातो आणि त्याबरोबर मजकूर. हार्ड डिस्कची चकती अडकते. म्हणजे नव्या साधनाला दर पाचसात वर्षांनी नक्कल करणारं माणूस लागतं. ताडपत्राला ते दोन शतकांतून एकदा पुरत होतं.

आणि फोटो काढला म्हणून मोडी वाचता येत नाही. मोडी कागदाचं एक छायाचित्र माझ्या लॅपटॉपवर आहे. कितीही मोठं केलं तरी अक्षर स्वच्छ राहतं, शाईचा ओघळसुद्धा दिसतो. गेल्या महिन्यापासून शेजारी चौकटीची वही ठेवून मी मोडीची बाराखडी गिरवते आहे. अजून ‘क’ला काना दिला की तो कोणता ते मलाच ओळखू येत नाही.